अक्कांचा सिंगापूरचा कार्यक्रम

अक्कांच्या पुढे खायचं काहीही ठेवलं की पहिला घास घेण्याआधी त्या विचारायच्या, "हे कोणी केलं?" शिपायाच्या बायकोनं पाठवलेली चटणी असो की संस्थेच्या अध्यक्षांकडचे लाडू, करणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय त्या हात लावत नसत. "पदार्थ आपोआप होत नाही. मागं कोणीतरी घाम पुसत उभं असतं," असं त्या म्हणत.

जळगावच्या मुलींच्या शाळेत त्या गृहशास्त्र शिकवायच्या आणि मी इंग्रजी. मी साताऱ्याकडची, नोकरीत नवी, त्यांच्याच शेजारच्या खोलीत राहायचे. अक्का रावेरच्या शेतकरी घरातल्या, लहान वयात विधवा झालेल्या, आता पन्नाशीला टेकलेल्या. "आधी लिहा, मग चूल पेटवा," हे त्यांचं वर्गातलं पालुपद. म्हणून एका दुपारी त्यांनी माझ्यापुढे रेघांची वही ठेवून "सिंगापूरला जायचंय. तीन दिवस. कार्यक्रम लिही," असं म्हटलं, तेव्हा मला हसू आलं. अक्का हसल्या नाहीत.

एकोणीसशे सत्तर उलटलं होतं, पण आमच्या शाळेतलं कोणी मद्राससुद्धा पाहिलेलं नव्हतं. अक्का मात्र सिंगापूरबद्दल असं बोलायच्या, जणू काल तिथून आल्या आहेत. नदीकाठची गोदामं, रंगीत गोपुराचं देऊळ, त्याच गल्लीतली मशीद, धुरानं काळं झालेलं चिन्यांचं मंदिर. कुठं नारळाच्या दुधातला भात खायचा, कुठल्या कोपऱ्यावर उसाचा रस प्यायचा, हेसुद्धा त्यांना ठाऊक. "अक्का, तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं. त्यांनी ट्रंकेतून चार पिवळी पडलेली पत्रं काढली.

पत्रं त्यांच्या थोरल्या भावाची होती. वडिलांशी भांडून तो अठराव्या वर्षी घरातून निघाला, तो थेट सिंगापूरला पोचला. एका मोठ्या कंपनीत कारकून आहे, असं त्यानं कळवलं होतं. पण पत्रांत कंपनीबद्दल अक्षर नाही, सगळं शहर आणि जेवण. पुढे लढाई पेटली आणि पत्रं थांबली. वडील होते तोवर त्याचं नाव काढायची घरात सोय नव्हती. ते वारले आणि तीन महिन्यांत अक्कांनी ही वही उघडली. एका पत्रात देवळाजवळच्या एका खानावळीचा पत्ता होता. तिथं मी इंग्रजीत पत्र लिहिलं.

उत्तराची वाट पाहत दोन महिने गेले. पासपोर्टसाठी पोलीस चौकशी करून गेला. अक्कांनी देवीची लस टोचून घेतली आणि दंड सुजलेला असतानाच कणीक मळायला शिकवलं. वर्गात त्यांच्या हातून दोनदा फोडणी जळली. पोरी एकमेकींकडे बघायच्या. टपालवाला फाटकातून आत आला की अक्का खडू खाली ठेवायच्या आणि तो निघून गेला की पुन्हा उचलायच्या.

पत्र आलं त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ते त्यांच्या खोलीवर नेलं. तिथं त्यांचे धाकटे भाऊ नाना बसले होते. रावेरहून खास भांडायला आले होते.

"अक्का, तू गेली अन् तठी काही भलतं निंघालं, तं मायले मी काय सांगू?" नाना म्हणत होते. "ती अजून त्याच्या वाटेकडे डोये लावून बसेल हाये. त्याचं सराध घालू देत नाही."

अक्कांनी माझ्या हातातला लिफाफा पाहिला. "वाच," म्हणाल्या. "त्याच्यासमोरच वाच."

मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागले. लिहिणारा खानावळवाल्याचा मुलगा होता. तुमचा भाऊ कुठल्या कंपनीत नव्हता, आमच्याच स्वयंपाकघरात होता. लढाईच्या दुसऱ्या वर्षी तापानं गेला. माझ्या वडिलांनी त्याला अग्नी दिला. मी तेव्हा लहान होतो, तो मला खांद्यावर घेऊन बाजारात न्यायचा. त्यानं शिकवलेला एक पदार्थ आम्ही अजून दर मंगळवारी करतो. नावाचा अर्थ आम्हाला कुणालाच माहीत नाही.

ते नाव मला वाचता येईना. "डबक... ड्युबक..."

"डुबुक," अक्का म्हणाल्या.

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. उकळत्या रश्शात भिजवलेल्या बेसनाचे गोळे सोडतात, त्याला या भागात डुबुक वडे म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी पत्राची घडी घालावी की नाही, हे मला समजत नव्हतं.

शेवटी अक्का म्हणाल्या, "मायला मी सांगेन. चोरून जाणार नाही."

रविवारी आम्ही तिघं रावेरला गेलो. म्हातारी ओट्यावर बसली होती. अक्कांनी काही न लपवता सगळं सांगितलं. म्हातारीनं विचारलं, "कोनी जायलं त्याले?"

"खानावळीच्या मालकानं अग्नी दिला."

"पोटभर खाऊ घालत व्हते?"

"हो माय."

"मंग जा. त्यायले माह्याकून हात जोडून ये."

अक्का गेल्या. परत आल्या तेव्हा काळवंडल्या होत्या आणि पाय सुजले होते. पहिले दोन दिवस त्यांनी वहीबरहुकूम घालवले. देवळं पाहिली, नदीकाठी फिरल्या, नारळाचा भात खाल्ला. तिसरा दिवस मंगळवार होता. त्या दिवशीचं सगळं रद्द करून त्या सकाळपासून त्या खानावळीच्या चुलीपाशी बसल्या. "रस्सा त्यांचा, नारळ घातलेला," त्या मला म्हणाल्या, "पण गोळा सोडायची तऱ्हा मायचीच." तिथल्या म्हाताऱ्या आचाऱ्यानं त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. तुमचा भाऊ दुकानातलं काही खायचा नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ताकात भात कालवायचा, वर ताकात मुरवून वाळवलेली मिरची तळून घ्यायचा, आणि भिंतीला टेकून खायचा.

त्या वर्षी पितृपक्षात रावेरला त्याचं पहिलं श्राद्ध झालं. अक्कांनी मलाही बोलावलं होतं. खीर, वडे, सगळं रीतीप्रमाणे झालं. लोक जेवून गेल्यावर अक्कांनी एका वाटीत ताकभात कालवला, मिरची तळली आणि आईपुढे ठेवली. "तो रोज हे खायचा," म्हणाल्या.

म्हातारीनं एक घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली, आणि वाटी पुढं केली.

अक्कांनी मिठाच्या बरणीत हात घातला, तो बाहेर काढलाच नाही. तशाच चुलीपुढं बसून त्या रडू लागल्या, मोठ्यानं, लहान मुलीसारख्या. शेवटी मीच उठून म्हातारीच्या वाटीत मीठ घातलं.