पाऊण तास

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचं तोंड बघावं लागत नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी जपानात, सेंदाईला आले. पुण्यात मायक्रोबायोलॉजी केलेलं, त्यावर जनावरांच्या एका लॅबमध्ये पार्टटाइम काम मिळालं. घोड्याची चाल बिघडली, तोल जायला लागला, की डॉक्टर त्याच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून आमच्याकडे पाठवतात. त्यातल्या पेशी मोजायच्या, त्याही अर्ध्या तासात. उशीर झाला की पेशी फुटतात आणि आजारी घोडंही निरोगी ठरतं.

नियम मला पाठ होता. मग?

एकदा माझा डबा उघडला आणि कोणीतरी खिडकी उघडली. बोललं कोणी काही नाही — इथे बोलत नाहीत. तेव्हापासून मी बाहेर, सायकली लावतात तिथे बसून जेवते. त्या दुपारी नळी आली. सही केली, नळी टेबलावर ठेवली आणि जेवायला गेले. बहिणीचा फोन आला. परत आले तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता.

मायक्रोस्कोपखाली नुसता चुरा. ‘नमुना पुन्हा पाठवा’ — एवढंच म्हणायचं होतं. पण इथे चूक सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगावी लागते. मला ती लाज नको होती. मी वेळ खोटी टाकली. खाली लिहिलं — पेशी नॉर्मल.

खिडकीची सबब पुढे करत नाही. लिहिणारा हात माझाच होता.

नऊ वर्षांची घोडी होती, हाना. पाणी स्वच्छ आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी मानेच्या हाडांचं दुखणं धरलं, त्यातलं इलाज नसलेलं. आठवड्याभरात इंजेक्शन देऊन तिला संपवलं. नंतर शवविच्छेदनात कण्यात जंत सापडला. जंतावर औषध असतं हो! वेळेवर दिलं तर घोडं वाचू शकतं.

साहेब मलाच समजावत होते, “जोशी-सान, पाण्यात कधीकधी काहीच दिसत नाही. शोगानाई, इलाज नसतो.” मी मान हलवली. कशी हलवली असेल?

मग हानाच्या मालकीणबाई आल्या. सातो-सान, सत्तरीच्या, एकट्या. जंताचं सांगताना साहेबांनी त्यांनाही तेच समजावलं होतं. मिठाईचा खोका दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “तुम्ही नीट तपासलंत, म्हणून मला तिला सोडता आलं.”

मी खोका घेतला. त्या गेल्यावर सगळ्यांना एकेक वाटली, आणि उरलेली मी खाल्ली.