जगदेवचा इको

माहा भाऊ जगदेव रिठदच्या गायन पार्टीत बेंजो वाजवे. सत्त्याहत्तरच्या आसपास बेंजोले बिजलीचं वायर लावून भोंग्यातून वाजवायची टूम निंघाली होती. पन याले तेवढ्यानं कुठं भागते! मंगरूळपीरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या मांगं लागून यानं भंगारातल्या टेपरेकॉर्डरचं इको मशीन करून घेतलं. त्यात टेपाचा तुकडा दोन्ही टोकं चिटकवून गोल फिरे. तार छेडली की सूर त्याच्यावर भरला जाय, अन् मांगून पुन्हा पुन्हा घुमत बाहेर पडे.

पार्टीचा गायक भिवाजी. गळा असा, की मेडशीचे लोक बोलवायले येत. तो काविळीनं गेला. जगदेव त्याले थोरला भाऊच माने. मंग हा आंगनात बसून एकच तार छेडे अन् तिचं घुमनं आयकत राहे. ना गानं, ना बोल. लोक म्हनत, "जगदेवा, एकच सूर किती दळशीन?" मले लोकायचा राग ये. रडायची ज्याची त्याची रीत असते.

भिवाजीचा आवाज एकाच टेपात राह्यला होता, त्याच्या घरी तालीम करताना भरलेला. त्याच्या बायकोचा, केशरबाईचा, त्या टेपात जीव. तिच्या घरी टेपरेकॉर्डर नाही, म्हनून टेप आमच्याच घरी राहे अन् ती आयकायले ये. जगदेव टेप सुरू करून बाहेर निंघून जाय. वयनी रडत असताना दिरानं तिथं बसू नये, अशी त्याची समज. तिच्यापाशी मीच बसलेली राहो.

जयंतीच्या गान्याच्या आदल्या दिवशी इकोतला तुकडा घासून तुटला. गावात नवा टेप कुठून आनतो? मी बाजारात गेलेली. यानं भिवाजीचा टेप काढला, गानं संपलं तिथं थांबवला, अन् पुढं नुसती खरखर असंन असं धरून शेवटचा दोन हात टेप कापून घेतला. मले पुसलं असतं तं सांगतलं नसतं काय? पन पुसते कोन! अक्कल गहान पडली होती. जयंतीले बेंजो असा घुमला, की लोकायनं वन्स मोअर केला.

दुसऱ्या दिवशी केशरबाई आली. गानं झालं, अन् रीळ मोकळंच फिरून राह्यलं.

"पुढचं कुठं गेलं, बाई?" तिनं मले पुसलं.

जगदेव दारातून म्हने, "वयनी, गानं पुरं हाय. मांगचं रिकामं होतं, तेच घेतलं इकोले."

"गानं तं साऱ्या गावाले पाठ हाय, भाऊ. मी त्याच्यासाठी येत नव्हती."

मंग मीच सांगतलं त्याले. गान्यामांगं भिवाजी खोकलला होता. "केशर, पानी आन वं, गळा सुकला," म्हने. अन् दुरून हिचं, "आली जी." बस, तेवढंच होतं.

जगदेव भिंतीले टेकून खालीच बसला. काई झालं तरी माहा भाऊ तो, माहा जीव तुटला. केशरबाईनं इको मशीनवर हात ठेवला.

"त्या तुकड्यावर आता काय हाय?"

"बेंजो," तो कसातरी बोलला.

"मंग वाजव. त्याच्याखाली कुठंतरी ते असतीन."

त्या मशीनीत नवा सूर आला की जुना पुसून जाते. हे तिले कोन सांगावं? जगदेवनं बेंजो घेतला अन् हळूच एक तार छेडली. ती मशीनले कान लावून बसली, अन् आमची दोघायची तिच्याकडं पाहायची हिंमत झाली नाही.