बावीस ओळी

प्राचीची तेरवी झाली आणि चौदाव्या दिवशी सकाळी कौशल्याबाई एका हातावर तान्हं बाळ आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन गोजरबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. पिशवीत एक अर्धवट विणलेला स्वेटर होता. पांढरा, वीतभर, सुईसकट. सुईवर टाके अजून तसेच होते, जसे प्राचीनं ठेवले होते.

खामगावच्या कडेला, जिथं गाव संपून भाजीपाल्याचे मळे सुरू होतात, त्या वस्तीत गोजरबाईला ओळखत नाही असं कोणी नाही. पंचाहत्तरीची बाई, तोंडानं फटकळ, पण हात असा की तिचा स्वेटर घातलेलं पोर शाळेच्या गर्दीतही ओळखू यावं. तिच्याबरोबर तिची विधवा नणंद तानुबाई राहते. गोजरबाईच्या हातात दोन सुया, तानुबाईच्या हातात क्रोशाची एक. दोघी दिवसभर ओट्यावर बसून विणतात आणि भांडतात, आणि एकीच्या आधी दुसरी कधी जेवत नाही.

"मावशी, मले विणाले शिकवा," कौशल्याबाई म्हणाली.

गोजरबाईनं काऊन म्हणून विचारलं नाही. सगळ्या वस्तीला माहीत होतं. कौशल्याबाईची एकुलती एक लेक प्राची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले आणि एका पहाटे तिला झटके आले. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटातली पोरगी वाचवली, आई गेली. याच्यावर कोणी काय बोलावं?

"दे इकडं," गोजरबाई म्हणाली. "चार दिवसांत पुरा करून देईन."

"नाई मावशी. लेकराच्या आंगावर परका हात नको. तिच्या आईचा, नाई तर आजीचा."

खरी गोष्ट अशी होती की सव्वा महिना झाला की जावई दीपक येऊन बाळाला देऊळगाव राजाला घेऊन जाणार होता. तिथं त्याची आई होती, बहीण होती, सांभाळायला घर भरलेलं होतं. त्यात गैर काही नव्हतं. पण एकदा गेलेलं लेकरू आजीला वर्षातून किती वेळा दिसणार? आणि त्या लेकराला आईचं काय आठवणार? फोटो असतात, पण फोटो काही अंगात घालता येत नाही. कौशल्याबाईच्या डोक्यात एकच बसलं होतं, की पोर या घरातून जाईल तर आईच्या हातचा स्वेटर अंगात घालूनच जाईल. सव्वीस दिवस होते हातात, आणि तिला साधा टाका सुईवर चढवता येत नव्हता.

गोजरबाईची शिकवण्याची एक रीत होती आणि ती कोणासाठी मोडत नसे. आधी जुन्या लोकरीचा चौकोन विणायचा. तो तिला दाखवायचा. तिनं तो डोळ्यांसमोर उसवायचा. पुन्हा विणायचा. जोवर तिला उसवावासा वाटतो तोवर खऱ्या कामाला हात लावायचा नाही, आणि ती पण लावणार नाही. म्हणून प्राचीचा स्वेटर पिशवीतच राहिला, खुंटीवर.

कौशल्याबाईचे हात म्हणजे तीस वर्षं भेंडी, गवार, वांगी तोडलेले हात. बोटांच्या भेगांत लोकर अडकायची, धागा तुटायचा. गोजरबाईनं वजरी दिली, "पायाले घासते तशी बोटं घास." तिनं रक्त येईपर्यंत घासली. मग टाके आवळायला लागले. सुई टाक्यातून जाईना.

"हात सैल सोड व! भेंडीचं देठ हाये काय थे?"

"सुटत नाई मावशी."

"मंग उसव."

दोन सुलट, दोन उलट. दोन सुलट, दोन उलट. बाळ त्या दोघी म्हाताऱ्यांच्या मधे गोधडीवर पडलेलं असायचं, डब्याच्या दुधावर. ते रडलं की तानुबाई सुई खाली ठेवून त्याला उचलायची, आणि कौशल्याबाईला उठू द्यायची नाही. घरी नवरा होता, शालिग्राम. तो एकटाच मळ्यात जायचा, एकटाच भाजी तोडून बाजाराला न्यायचा, आणि जेवताना ताटाकडे बघत राहायचा. आठव्यांदा चौकोन उसवला तेव्हा कौशल्याबाई ओट्यावरच हुंदके द्यायला लागली. लेकीच्या तेरवीला जी बाई कोरड्या डोळ्यांनी वाढत होती, ती एका फडक्याएवढ्या लोकरीसाठी धाय मोकलून रडत होती. गोजरबाईनं तिला रडू दिलं आणि मग म्हणाली, "झालं? टाक टाके."

बाराव्या दिवशी गोजरबाईनं चौकोन हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि उसवला नाही.

"आन आता पोरीचं."

कौशल्याबाईनं पिशवी काढून दिली. गोजरबाईला आता डोळ्यांनी बारीक दिसत नाही. ती अंगठ्यानं बघते. तिनं स्वेटरचा खालचा काठ चाचपला आणि तिचा चेहरा मऊ झाला.

"हा प्राचीचाच हात. बारावीच्या सुट्टीत इथंच बसून शिकली होती. किती सैल विणे पोरगी! मी म्हणे, जरा आवळ. तर हासे."

अंगठा वर वर सरकत गेला आणि छातीपाशी थांबला. परत खाली आला, परत वर गेला.

"इथून कोणं विणलं?"

"तिनंच."

"नाई. हा हात तिचा नोहे."

"तिनंच मावशी. म्या डोळ्यानं पाह्यलं. दुपारी उन्हाकडं पाठ करून बसे आणि दोन ओळी विणे. रोज दोनच. त्याच्या वर हात दुखे म्हणे."

गोजरबाईनं रिकाम्या सुईच्या टोकानं ओळी मोजल्या. एकेक करत, ओठ हलवत. बावीस भरल्या.

"लोकर आपण बोटाले गुंडाळतो," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि बोटावरून सरकवतो. बोट सुजलं का धागा सरकत नाई. रुतून बसते. मंग टाका आवळते, बाईनं कितीबी सैल विणाचं म्हनलं तरी. माये हात थंडीत सुजतात ना, मले ठाऊक हाये. पोरीचे बोटं सुजले होते कौशल्या. इथून वरचे टाके तसेच, सगळेच्या सगळे."

तानुबाईची सुई थांबली.

बावीस ओळी, रोजच्या दोन. अकरा दिवस. हिशेब करायला कोणाला शाळेत जावं लागत नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं होतं, सूज कधीपासून आहे? कौशल्याबाई म्हणाली होती, दोन दिवस झाले. नंतर दीपकनं विचारलं. सगळं संपल्यावर, बाकावर तिच्या शेजारी बसून, तिच्याकडे न बघता. "मामी, सूज कधीपासून होती तिला?" तेव्हाही ती म्हणाली, दोन दिवस. तेरवीला आलेल्या प्रत्येक बाईला तिनं तेच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की तिला स्वतःला ते खरं वाटायला लागलं होतं. आणि इकडं हा स्वेटर पिशवीत गप बसून होता.

खरं असं होतं, की झटके येण्याच्या अकरा दिवस आधी प्राची तिच्यासमोर हात पुढे करून म्हणाली होती, "आई, अंगठी निघत नाई." कौशल्याबाईनं साबण लावून अंगठी काढून दिली आणि हसून म्हणाली, "पहिलटकरणीले येतेच सूज. तुयावेळी माया पायात चप्पल जात नव्हती." आशाताई दोनदा घरी आली. बीपी मोजायचं आहे, ताईंना दवाखान्यात घेऊन या म्हणाली. पहिल्यांदा गवारीची तोडणी होती. दुसऱ्यांदा बाजाराचा दिवस होता. सोमवारी आणतो, कौशल्याबाई म्हणाली. मग प्राचीचं डोकं दुखायला लागलं, तर तिनं सुंठ उगाळून लेप लावला, कपाळाला फडकं बांधलं, मांडीवर डोकं घेऊन दाबून दिलं. सगळं मायेनं केलं. एवढी माया केली आणि तिला एकदा गाडीत बसवून नेलं नाही. पाच किलोमीटर. तो सोमवार आलाच नाही, रविवारी पहाटे झटके आले.

"आंगात जाणार नाई हा," गोजरबाई म्हणत होती. "छातीत आवळला हाये. लेकराले होणार नाई. बावीस ओळी उसवाव्या लागतीन."

"नाई!" कौशल्याबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की बाळ दचकून रडायला लागलं. "त्या शेवटच्या हायेत तिच्या. त्याच्यावर सुई कोणी लावाची नाई."

ती स्वेटर हिसकावून घरी गेली. आणि घरी गेल्यावर, चुलीपुढे बसल्यावर, तिच्या मनात दुसरा विचार आला. उसवल्या तर बरंच. उसवल्यावर कोणाला काय कळणार? गोजरबाई मेली तरी बोलणार नाही, तानुबाईही नाही. दोन दिवस ते दोन दिवसच राहतील. हा विचार आपल्याच डोक्यात आला म्हणून तिला स्वतःची एवढी किळस आली की तिनं दोन्ही हातांनी तोंडात मारून घेतलं. शालिग्राम बाहेरून धावत आला. तिनं त्याला काही सांगितलं नाही.

दोन दिवस तिनं स्वेटरकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, जिथं प्राची बसायची तिथंच, उन्हाकडे पाठ करून ती बसली आणि सुई काढून घेतली. घट्ट टाके सहज उसवत नाहीत. एकेक नखानं सोडवावा लागतो. आधी सुटल्या त्या दोन ओळी अंगठीच्या दिवशीच्या नव्हेत, त्या शेवटच्या दिवशीच्या, शनिवारच्या. उसवताना दिवस उलटे येतात, हे तिच्या आधी लक्षात आलं नव्हतं. शनिवारी डोकं दुखत होतं. शुक्रवारी डोळ्यांपुढं चमकतं म्हणाली होती. गुरुवारी बाजार. प्रत्येक दिवसाशी कौशल्याबाईनं थांबावं, आणि त्या दिवशी पोरीला उठवून गाडीत बसवावं, असं मनात घोळवावं. अकरा वेळा तिनं पोरीला मनातल्या मनात दवाखान्यात नेलं. अकराव्यांदा टाके एकदम सैल लागले, बोटाखाली मऊ. तिथं ती थांबली आणि तिनं सुई घातली.

उसवलेली लोकर वाकडीतिकडी झाली होती. गोजरबाईनं ती पाण्यातून काढली, खाली वजन बांधून वाळवली आणि तीच परत हातात दिली. पुढचे दिवस कौशल्याबाई विणत राहिली. छाती झाली, खांदे झाले, बाह्या झाल्या. गळ्याला क्रोशाची कडा करायला तानुबाईनं शिकवलं, साखळी घालायची आणि एका घरात पाच खांब, म्हणजे पाच उभे टाके. तीन वेळा चुकली. चौथ्यांदा कडा जमली, तेव्हा सव्वा महिन्याला एक दिवस उरला होता.

दीपक आईला घेऊन भाड्याच्या गाडीनं आला. जेवणं झाली, कोणी फारसं जेवलं नाही. विहीणबाई पदरानं डोळे पुसत बाळाच्या पिशव्या भरत होत्या. कौशल्याबाईनं बाळाला अंघोळ घातली, तीट लावली आणि स्वेटर घातला. अंगाला बरोबर बसला. गोजरबाई आणि तानुबाई निरोप द्यायला आल्या होत्या, दाराशी उभ्या होत्या.

दीपकनं बाळ घेतलं आणि स्वेटरवरून हात फिरवला. "हा प्राचीनं करायला घेतला होता तोच ना? फोनवर दाखवला होता मला." त्याचं बोट छातीपाशी थांबलं. तिथं एक रेघ दिसत होती. खालचं विणकाम मऊ, वरचं जरा ताठ. दोन हात एका स्वेटरवर कधी लपत नाहीत. "इथपर्यंत तिनं विणला का?"

हो म्हणायचं होतं, बस. हो म्हटलं असतं तर तो बाळाला घेऊन निघाला असता, आणि दिवाळीला, संक्रांतीला, बाळाच्या वाढदिवसाला आजीला बोलावलं असतं. गोजरबाई जमिनीकडे बघत होती.

"नाई, जावईबापू," कौशल्याबाई म्हणाली. "याच्या वर बावीस ओळी होत्या तिच्या. म्या उसवल्या."

"का?"

"हात सुजले होते तिचे. टाके आवळले होते. रोज दोन ओळी विणे थे." तिला थांबावंसं वाटलं, पण ती थांबली नाही. "सूज दोन दिवसांची नव्हती. अकरा दिवस होती. आशाताई दोनदा बोलवून गेली. म्या नेलं नाई. तुम्हाले खोटं सांगतलं."

विहीणबाईंच्या हातातली दुधाची बाटली तशीच राहिली.

"अकरा," दीपक म्हणाला.

"अकरा."

त्यानं खाली बाळाकडे पाहिलं. स्वेटरचं वरचं बटण काढलं, आणि कौशल्याबाईला वाटलं, आता हा अंगातून काढणार आणि इथंच ठेवून जाणार. तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बटण पुन्हा लागलेलं होतं, आणि दीपक बाळाला छातीशी धरून अंगणातून चालत होता. विहीणबाई लगबगीनं मागे गेल्या. शालिग्रामनं पिशव्या गाडीत ठेवल्या आणि बाजूला झाला.

आपल्याकडे निघताना कोणी जातो म्हणत नाही. येतो म्हणतात, मग परत यायचं असो की नसो. दीपक गाडीत बसला, दार लावलं, काच वर केली. तो काहीच म्हणाला नाही. गाडी मळ्यांच्या रस्त्यानं वळून दिसेनाशी झाली, तरी कौशल्याबाई कान देऊन तिथंच उभी होती.