काटा स्थिर होता, वानखेडे

वानखेडे काल सकाळी गेले आणि मला त्यांचा प्रचंड राग आलाय.

दुःख होईल सावकाश. आज राग.

खराडीला त्यांच्या घरी जाऊन आले. सोसायटीच्या गेटपाशी त्यांच्या आयटी कंपनीतली मुलं उभी होती. एक जण म्हणाला, "सर इतके कूल होते मॅडम. कधी चिडलेच नाहीत."

उत्तर इथे देते.

मुलांनो, मी पाहिलंय त्यांना चिडलेलं. तुम्ही तेव्हा बालवाडीत असाल.

बिबवेवाडीत एक प्लाझ्मा स्प्रे कोटिंगचं वर्कशॉप होतं. मी तिथे क्वालिटी बघायचे. वानखेडे प्रोसेस इंजिनिअर, अमरावतीहून डिग्री घेऊन नुकतेच पुण्यात आलेले. परदेशी कंपन्या देशात येत होत्या, ऑर्डरींना तोटा नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टॉर्च म्हणजे कोटिंग फवारायची बंदूक; तिच्या आत टंगस्टनचा एक दांडा असतो आणि त्याच्यासमोर तांब्याचं नोझल. दोघांमध्ये विजेचा आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी. त्यातून गॅस सोडला की बाहेर जी ज्वाळा येते, तिच्यात सिरॅमिकची पावडरसुद्धा वितळते आणि पंपाच्या शाफ्टवर जाऊन बसते.

पण आर्क दांड्याला खातो आणि नोझललाही खातो. आत खड्डे पडले की तो एका जागी टिकत नाही. उड्या मारतो. व्होल्टेज पडतं.

मग आमच्याकडे काय करायचे? करंट वाढवायचे.

किलोवॅट पुन्हा तेवढेच. पॅनेलवरचा काटा स्थिर. सगळे खूश.

आत नोझल आणखी जोरात झिजतंय, पावडर अर्धी कच्ची, आणि ग्राहकाकडे गेलेलं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतंय. पण काटा स्थिर!

वानखेडे आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, हा टॉर्च फडफड करून राहिला."

"वानखेडे, मराठीत बोला."

"मराठीतच बोलून राहिलो न. तुम्ही पुण्याचं बोलता."

उलट उत्तर देणारा माणूस. मला बरं वाटलं.

त्यांनी एक डबा बनवला. काटा दाखवतो ती सरासरी. हा डबा आर्कची प्रत्येक उडी छोट्या स्क्रीनवर दाखवायचा. नोझल नवं असलं की बारीक, एकसारखी रेघ. झिजलं की दात पडलेल्या करवतीसारखी. मी कोटिंग कापून मायक्रोस्कोपखाली बघायचे. डबा म्हणायचा तसंच निघायचं.

"ॲव्हरेज नका पाहू मॅडम. उड्या पाहा."

हे त्यांचं वाक्य. लक्षात ठेवा.

एकदा मोठा ग्राहक वर्कशॉप बघायला येणार होता. मालक म्हणाले, "तो डबा झाकून ठेवा."

"काहून सर?"

"कस्टमरला दिसेल."

"दिसावं म्हणूनच तर केला न!"

"किलोवॅट बरोबर आहेत ना? ॲव्हरेज बरोबर आहे ना? विषय संपला."

आणि मालकांनी स्वतः त्याच्यावर टेबलक्लॉथ घातला.

ग्राहक आत आला. टॉर्च चालू. नोझल पार गेलेलं, मला नुसत्या आवाजावरून कळत होतं. आणि वानखेड्यांनी सगळ्यांसमोर, अर्ध्या शाफ्टवर, टॉर्च बंद केला.

"एक माणूस विहिरीत, एक झाडावर, ॲव्हरेज काढलं तर दोघंही जमिनीवर! असं असते का सर? नोझल बदला, नाही तर मी हा जॉब करत नाही."

ग्राहकाने टेबलक्लॉथकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे.

मालक म्हणाले, "स्टॅबिलायझर."

त्याच आठवड्यात वानखेड्यांनी राजीनामा दिला. खराडीत तेव्हा काचेच्या इमारती उगवत होत्या, त्यातल्या एकीत गेले. परदेशातल्या बँकांचं सॉफ्टवेअर तपासायला. पगार चांगला, खुर्ची गार. तिथे चिडायचं कशाला?

डबा माझ्याकडे राहिला. मालक बाहेर गेले की मी लावायचे.

ओळख टिकली. गेल्या दिवाळीत फराळाला आले, तर जिन्यात मध्येच थांबले.

"काय झालं?"

"काही नाही न मॅडम. मधातच एखादा ठोका उडी मारते."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

मनगट पुढे केलं. "घड्याळ आहे न. हे पाहा, ॲव्हरेज बहात्तर. एकदम नॉर्मल."

मी अशी ओरडले की शेजारचे दार उघडून बाहेर आले.

"वानखेडे! ॲव्हरेज? तुम्ही मला ॲव्हरेज दाखवता?"

खूप हसले. जिन्यातच बसून हसले. म्हणाले, "पकडलं मॅडम तुम्ही. प्रोजेक्टचं गो-लाइव्ह झालं का जातो."

मी नंतर फोन केले. प्रत्येक वेळी "पुढच्या आठवड्यात पक्कं."

गो-लाइव्ह उत्तम झालं म्हणे, सॉफ्टवेअर वेळेवर चालू झालं. गेटपाशी मुलांनीच सांगितलं.

वानखेडे वहिनींना डॉक्टर म्हणाले, एक दिवसभर छातीला मशीन लावून ठेवलं असतं, तर ठोक्यांची गडबड दिसली असती. वेळेत दिसली असती.

म्हणजे डबा.

मालकांनी डबा झाकला म्हणून ज्या माणसाने नोकरी सोडली, त्याने स्वतःवर टेबलक्लॉथ घातला.

खाली कमेंटमध्ये कोणी "ज्योत मालवली" वगैरे लिहू नये. डिलीट करेन. त्यापेक्षा ज्यांचा ठोका चुकतोय त्यांनी उद्या सकाळी डॉक्टरकडे जावं. मला घड्याळ दाखवू नये.

वानखेडे, तुमचा डबा अजून माझ्या घरी आहे, आज लावून पाहिला. चालतो.

तुम्हाला श्रद्धांजली वाहते आहे. राग गेलेला नाही.