टोपी की खांदा

पहिल्या तीन सामन्यांत आमच्या कॉलेजने एकशे तेवीस गुण दिले. एक्केचाळीस, अडतीस, चव्वेचाळीस. मी इथे चाळीस वर्षं गणित शिकवलं आहे, बेरीज चुकलेली नाही. सप्टेंबर संपायचा होता, शेतात मका अजून उभा होता, आणि गावातल्या कॉफीच्या दुकानात निकाल लागूनही गेला होता : सगळ्यात मागे उभा राहणारा तो टेव्हिन झोपा काढतो, त्याला बाहेर बसवा.

आमच्याकडचा, अमेरिकेतला फुटबॉल हातात घेऊन पळायचा असतो. पळणाऱ्याला धरून पाडणं आणि लांब फेकलेला चेंडू अडवणं, हे बचावाच्या अकरा जणांचं काम. त्या अकरा जणांचा मालक डेल्मर होराचेक. मालक हा माझा शब्द. कॉलेजच्या कागदावर तो सहायक प्रशिक्षक, गेली सव्वीस वर्षं. मुख्य प्रशिक्षक ग्रेडी त्याच्याच हाताखाली खेळून मोठा झालेला. अजून त्याला 'कोच' म्हणतो आणि हुकूमही सोडतो.

डेल्मरचा बाप डुकरं पाळायचा. डेल्मर इथेच शिकला, इथेच खेळला, दोनदा नाक मोडून घेतलं, आणि पदवीला पाच वर्षं लावली. त्यातलं एक वर्ष माझ्या विषयाने खाल्लं. स्पष्टच सांगते, बुद्धीने तो बेताचाच. पण समोरच्या संघाचा एखादा धिप्पाड गडी जमिनीवर हात टेकवून बसला, की त्या हातावर किती भार आहे ते पाहून चेंडू कुठे जाणार हे तो सांगायचा. हे मला कुठल्या समीकरणात बसवता आलं नाही. शुक्रवारी मैदानावर चुन्याच्या रेघा तो स्वतः मारायचा, दुसऱ्याला मारू द्यायचा नाही. आणि शनिवारी मैदानाच्या कडेला उभा राहून हाताने इशारे करायचा, तेही दुसऱ्याला करू द्यायचा नाही.

इशारे म्हणजे असे. डावा हात खोटा, उजवा खरा. डाव्याने कान खाजवा, पोट चोळा, काहीही करा. ते समोरच्या संघाला फसवायला. उजवा टोपीला लागला, तर प्रत्येकाने आपापली जागा राखायची. उजवा खांद्याला लागला, तर प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा. सव्वीस वर्षांत यात बदल नाही.

मी निवृत्त झाल्यापासून सामन्याला प्रेक्षकांच्या वरच्या काचेच्या खोलीत बसते, कानाला हेडफोन लावून. डेल्मर कोणता डाव लावतोय ते मला आधी सांगतो, मी लिहून घेते, मग तो इशारा करतो. तिसऱ्या सामन्यात तो म्हणाला, "अ‍ॅग्नेस, जागा." मी 'जागा' लिहिलं आणि सहज खाली पाहिलं. त्याचा उजवा हात वर निघाला, कानापर्यंत आला, आणि थांबला. ना टोपी, ना खांदा. निम्मी पोरं जागेवर थांबली, निम्मी आपापल्या माणसामागे धावली. मधल्या खिंडारातून त्यांचा एक गडी फिरायला निघाल्यासारखा गेला. टचडाउन, म्हणजे सहा गुण. टेव्हिन आपल्या जागेवर, सगळ्यात मागे एकटा उभा. लोक त्याच्या नावाने ओरडायला लागले.

त्यानंतर मी डाव लिहिणं सोडून हातच पाहत बसले. नऊ वेळा टोपी सांगायची होती. नऊही वेळा हात कानाशी अडकला.

रविवारी चर्च सुटल्यावर तो ऑफिसात व्हिडिओ लावून बसतो. प्रत्येक डावाला प्रत्येक पोराला अधिक किंवा उणे, असा आमच्याकडचा रिवाज. मी दार न वाजवता आत गेले.

"डेल्मर, हात वर कर."

"कशाला? शाळा सुरू केलीस की काय पुन्हा?"

"उजवा. टोपीपर्यंत."

त्याने व्हिडिओ थांबवला. मग म्हणाला, "खांदा ऑगस्टमध्ये गेला. नवीन पोराला दाखवत होतो, खाली वाकून कसं धरायचं ते. ते बेटं खरंच धावून आलं."

"त्रेसष्टाव्या वर्षी तुला दाखवायची हौस! डॉक्टरकडे गेलास?"

"गेलो. आतून फाटलंय म्हणाला. ऑपरेशन करावं लागेल."

"आणि सरावात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"सरावात मी तोंडाने ओरडतो. तिथे हात कोण बघतो?"

"मग ग्रेडीला सांग. इशारे त्या तरण्या मदतनिसाला करू देत."

"आणि मला कुठे बसवतील? वर, तुझ्याशेजारी!" त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "अ‍ॅग्नेस, तुला राग येईल, पण काचेच्या पेटीत बसून मला काही दिसायचं नाही. वरून सगळे मुंग्या दिसतात. मला त्यांचे हात बघावे लागतात, बोटं बघावी लागतात. खाली उभा नसलो तर मी कोण? चुना मारणारा म्हातारा!"

मी त्याच्या हातातला कागद पाहिला. टेव्हिन ब्रॅकेट : उणे, उणे, उणे. नऊ वेळा.

"हे काय लिहितोयस?"

"ग्रेडीला सोमवारी नाव हवंय. कुणाला बसवायचं ते."

"आणि तू याचं देणार? नऊही वेळा हा एकटाच बरोबर उभा होता, डेल्मर!"

त्याने व्हिडिओ पुन्हा सुरू केला. मी दार आपटून बाहेर पडले. मला तडजोडीचं बोलता येत नाही. कधीच आलेलं नाही.

सोमवारी यादी लागली. टेव्हिनचं नाव खाली, राखीव गड्यांत. शेवटचं वर्ष त्या पोराचं. त्याचा बाप मिसुरीहून सात तास गाडी हाकत प्रत्येक सामन्याला येतो. मी टेव्हिनला जिन्यात गाठलं.

"तुला कोचचा हात दिसत नाही?"

"दिसतो, मॅडम."

"मग तू दर वेळी बरोबर जागेवर कसा?"

"टोपी सांगायची असली की ते आधी उजवा पाय पुढे टाकतात." त्याने खांदे उडवले. "त्यांना ठाऊक नाही ते. मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे."

"मग बाकीच्यांना का नाही सांगितलंस? ग्रेडीला का नाही सांगितलंस?"

"दोघांना सांगितलं. ते म्हणाले, कोच चुकतील होय? आणि ग्रेडी सरांना काय सांगू? कोचना वर पाठवा म्हणून?" तो एक पायरी उतरला. "तुम्हीही सांगू नका, मॅडम. प्लीज."

मी सांगितलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी बचावाची पोरं डेल्मरच्या घरी जेवतात, मीही असते. त्याची बायको लोरेटा मोठं पातेलंभर चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, करते, सोबत दालचिनीचे गोड रोल. आमच्या नेब्रास्कात हे दोन्ही एकत्रच खातात. तिच्या लांब टेबलाला अकरा खुर्च्या आहेत. शनिवारी जे उतरणार ते खुर्चीवर, बाकीचे ताटली घेऊन बाहेर पायऱ्यांवर. कुणी कुणाला सांगत नाही. ज्याला त्याला आपली जागा कळते.

टेव्हिनने ताटली भरली आणि बाहेर निघाला.

"अरे, तू कुठे?" लोरेटा म्हणाली. तिने यादी पाहिली नव्हती. "ये, ही तुझी खुर्ची."

"बाहेर छान वारा आहे, लोरेटाबाई."

"वारा! कालपासून नुसतं तापतंय, म्हणे वारा. डेल्मर, हा काय प्रकार आहे?"

डेल्मरच्या हातात रोल होता. डाव्या हातात. तो त्याने तोडला नाही, खाली ठेवला. टेबलाशी पोरं चमचे वाजवत होती, कुणीतरी कुणाच्या रोलवर डल्ला मारला म्हणून आरडाओरडा चालला होता. डेल्मर उभा राहिला. भिंतीवरची टोपी काढून त्याने डोक्यावर घातली.

"गप्प बसा रे सगळे. बघा इकडे." उजवा हात वर निघाला. कानाशी थांबला. त्याने दात आवळले, हात आणखी बोटभर वर गेला, आणि तिथेच अडकला. "हा कोणता?"

"टोपी, कोच."

"खांदा!"

"टोपी! आंधळा आहेस का?"

"अकरा जणांनी हात वर करा. टोपी म्हणणाऱ्यांनी." सहा हात. "खांदा?" पाच.

चमचे थांबले.

"तीन आठवडे तुम्हाला असं उभं केलं मी," डेल्मर म्हणाला. "उणे तुमच्या नावावर लिहिले." लोरेटाने मागून येऊन त्याचा हात धरून खाली घेतला, लहान मुलाचा सदरा काढताना घेतात तसा. ऑगस्टपासून ती त्याला रोज सदरा घालत होती, हे मला त्या वेळी कळलं.

"टेव्हिन," तो म्हणाला, "आत ये. त्या खुर्चीवर बस."

खुर्चीवरचा पोरगा आपणहून उठला. टेव्हिन आत आला, पण बसला नाही. "मग इशारे कोण करणार, कोच?" त्याने विचारलं.

"मी नाही," डेल्मर म्हणाला आणि ग्रेडीला फोन लावायला आतल्या खोलीत गेला.

शनिवारी तो माझ्या शेजारी येऊन बसला. टोपी मांडीवर. खाली तरणा मदतनीस ताठ उभा राहून, हात लांबवून इशारे करत होता. अगदी मुंग्यांनाही दिसतील असे. डेल्मर हेडफोनमध्ये डाव सांगायचा, आणि सांगताना त्याचा उजवा हात मांडीवरून चार बोटं उचलला जायचा.

"त्यांच्या डावीकडच्याचा हात दिसतोय तुला?" तो दर दोन मिनिटांनी विचारायचा.

"नाही."

"मलाही नाही."

तो निम्मे डाव अंदाजाने सांगत होता. मला कळत होतं, त्यालाही. तरी आम्ही सतराच गुण दिले आणि वीस केले. शेवटच्या मिनिटाला त्यांनी लांब चेंडू फेकला, टेव्हिन आपल्या जागेवर होता, उडी मारून त्याने तो छातीशी धरला. मैदानाच्या कडेला सगळा संघ त्याच्यावर पडला. ग्रेडी पडला, मदतनीस पडला. टेव्हिनचा बाप कठड्यावरून उतरून खाली आला.

डेल्मर उभा राहिला होता. खुर्ची मागे कलंडली. त्याने काचेवर डावा तळवा टेकवला, नुसता. खालच्या कुणीही वर पाहिलं नाही. पाहायला त्यांना फुरसत कुठली!

डिसेंबरात खांद्याचं ऑपरेशन आहे. पुढच्या वर्षी त्याला ठेवणार की नाही, यावर ग्रेडी अजून काही बोललेला नाही, आणि डेल्मरने विचारलेलं नाही. त्याला विचारायची भीती वाटते. मी ग्रेडीला दोनदा विचारलं. "बघू, मॅडम," म्हणाला.