सुकलालमामांचा ओळंबा

फुटबॉल शिकवणाऱ्याच्या गळ्यात शिट्टी असते. आमच्या सुकलालमामांच्या खिशात ओळंबा असायचा. धंद्याने ते गवंडी. एका कॉलेजच्या मैदानाची भिंत बांधताना महिनोन् महिने तिथला सराव बघत बसले आणि खेळ उचलला. मग गुजरातमधल्या आमच्या नवागामच्या शाळेमागे रोज संध्याकाळी आम्हा बारा-तेरा पोरींना शिकवू लागले. त्यांचं मूळ गाव धुळ्याकडचं, त्यामुळे बोलणं अस्सल अहिराणी आणि आवाज मजल्यावरून खाली हाका मारून कमावलेला.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला एका कुशीला वळवून उभं केलं आणि प्रत्येकीच्या कानाशी दोरी धरून खाली शिशाचा गोळा सोडला. कान, खांदा, कंबर, घोटा, सगळं दोरीवर यायला हवं. "भीत वाकडी ते सलप कोन धरी?" भिंतच वाकडी तर वरचा स्लॅब कोण पेलणार, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या कानापासून सोडलेली दोरी खांद्याच्या चार बोटं पुढे लोंबली. मामांनी निकाल दिला, "हाई आळशी शे. आळशी मानूस असाच वाकस."

झालं! ते नाव मला चिकटलं. मी सगळ्यांत उंच, सुरुवातीला वाऱ्यासारखी पळायचे. पण मध्यंतरानंतर दम संपायचा आणि मी गुडघ्यांवर हात टेकून उभी राहायचे. मामा ओरडायचे, "व माय, मैदानमा झोपी ऱ्हायनी का?" आणि मैदानाला तीन जास्तीच्या फेऱ्या. एवढं करून दम वाढायचा नाहीच. जिल्हा निवडीच्या यादीतून मामांनी माझं नाव काढलं. मी सांगणार तरी काय? शाळेतून आल्यावर आणि रात्री जेवण झाल्यावर मी आईबरोबर जमिनीवर वाकून साड्यांवर खडे चिकटवायचे, हे बाहेर सांगायला आईची मनाई होती. चारचौघांत लाज नको, एवढंच तिचं म्हणणं.

दोन दिवस मी सरावाला गेले नाही, तर तिसऱ्या दिवशी मामाच दारात. आई कामाची साडी आवरायला धावली, पण उशीर झाला होता. मी हनुवटी छातीला लावून खडे लावत बसले होते. मामा उंबऱ्यातच थबकले. "कितला येळ बसस अशी?" आईने खाली मान घालून सांगितलं, "चार तास. कधी पाच." मामांनी चहा घेतला, घरभर नजर फिरवली आणि निघून गेले. आता कायमचं हाकलणार, असं मी धरून चालले.

दुसऱ्या सकाळी ते डोक्यावर विटांचं घमेलं आणि खांद्यावर स्लॅबच्या सेंट्रिंगची फळी घेऊन हजर. आणखी चार खेपा विटा आणून त्यांनी रचल्या, वर फळी टाकली आणि कमरेइतका उंच ओटा केला. "आते हुभी ऱ्हाईसन काम कर. ताई, तू बी." आई आधी हसली, म्हणाली, हे कसलं खूळ? आठवड्याने तिचीच मान दुखायची थांबली, तेव्हा हेच काम करणाऱ्या शेजारच्या दोघींनी विटा मागवल्या.

मैदानावर माझ्या फेऱ्या बंद झाल्या. त्याऐवजी भिंतीला पाठ टेकून हात वर-खाली करायचे, पालथं पडून छाती उचलायची. "वाकेल छातीमा हवा कथी भराई? पाय पयतस, पन दम पाठ देस." वाकलेल्या छातीत हवा कुठून भरणार, दम तर पाठ पुरवते, असं त्यांचं म्हणणं. मला वाटायचं, बुवाबाजी आहे. पण दोन महिन्यांनी श्वास पोटापर्यंत जायला लागला. पावलंही लांब पडायला लागली. मामांनी यादीत माझं नाव पुन्हा घातलं.

निवडीच्या सामन्यात मी शेवटच्या मिनिटापर्यंत पळत होते. गोल काही झाला नाही, उलट एक सोपा चेंडू मी आभाळात मारला. तरी निवड करणाऱ्या बाईंनी गुजरातीत विचारलंच, "आ ऊंची छोकरीनुं नाम शुं छे?" माझं नाव वाचलं गेलं, तशा आमच्या पोरींनी मला उचलून धरलं. सामना बघायला आलेली आई ओढणीत तोंड लपवून रडत होती.

मामांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला पुढे बोलावलं. त्या बाईंसमोर, आईसमोर, सगळ्या पोरींसमोर म्हणाले, "हाई पोर आळशी नही. तिले आळशी म्हननारा मी येडा. चूक मनी व्हती."

आज मामा नाहीत. निवड झाल्याचा आनंद मला झालाच होता; पण त्या दिवशी मी ढसाढसा रडले ती या शब्दांनी.