मामांची वळकटी

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, गुरं राखतात. दोन गाई आमच्या, चार गावातल्या लोकांच्या. सकाळी निघताना त्यांच्या खांद्यावर वळकटी असायची: काळी घोंगडी, तिच्या आत सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी आणि एक कापडी पिशवी. दुपारी गुरं सावलीला बसली की तेही लिंबाखाली अंथरूण टाकत. घोंगडी खाली, गोधडी उशाला. सासूबाई गेल्यापासून त्या गोधडीला ते कुणाला हात लावू देत नसत, धुवायलासुद्धा.

मी चितेगावला एका कंपनीत पॅकिंगला आहे. त्या आठवड्यात आमच्या माळावर बिबट्या दिसल्याची आवई उठली होती. "नका जाऊ दोन दिवस," मी म्हणाले.

"मी नाय गेलो तर गुरं काय मोबाईल खातील?" मामा म्हणाले आणि गेले.

पहिली पाळी संपवून साडेतीनला घरी आले, तर गाई दारात उभ्या. मामा नाहीत. गुरं एकटी परत आली असं कधीच झालं नव्हतं. गाई पाच आहेत की सहा, हे मोजायचंही मला सुचलं नाही. मामांना फोन लावला, तर तो घरातच चार्जिंगला वाजला. नवरा दुसऱ्या पाळीला गेलेला. मी शेजारच्या काकूंना हाक मारली. त्या विळा घेऊनच बाहेर आल्या.

माळ तसा वीस मिनिटांवर. त्या दिवशी तो संपेना. लिंबाखाली गोधडी आणि पिशवी होती. काठी नव्हती. घोंगडी पलीकडं बाभळीवर टाकलेली दिसली. काळ्या लोकरीवर काही कळत नव्हतं, पण हात लावला तर ओलं, चिकट. हात पाहिला, तर लाल.

मला रडू फुटलं. काकूंनी विळा घट्ट धरला. "रडू नको गं," त्या म्हणाल्या. "आधी ऐक."

गाय हंबरत होती. जुन्या खदानीच्या बाजूनं.

कडेला आमचीच गाभण गाय उभी होती, खाली बघत. मी वाकून पाहिलं. पुरुषभर खोलीवर मामा दगडाला टेकून बसले होते आणि त्यांच्या मांडीवर ओलं वासरू.

"मामा!"

"ओरडू नको, घाबरंल ते," मामा म्हणाले. आवाज पार बसला होता. गाय कडेलाच व्यायली होती. त्यांनी घोंगडीनं वासरू पुसलं, ती वाळत टाकली आणि वळून बघतात तर वासरू धडपडत खाली घसरलेलं. त्याला काढायला उतरले आणि पाय मोडून बसले.

काकूंनी फोन करून माणसं बोलावली. आधी वासराला, मग मामांना दोरानं वर घेतलं आणि मामांना घोंगडीत घालून न्यायला लागले, तर ते संतापले. "झोळीत मढं नेत्यात. बाज आणा." बाज येईपर्यंत हलले नाहीत. पण बाजेवर निजल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि दवाखान्यापर्यंत सोडलं नाही. ते घाबरलेत हे मला तेव्हा कळलं, आणि माझी भीती आणखी वाढली.

दवाखान्यात आधार कार्ड मागितलं. मी त्यांची पिशवी उघडली. सुईदोरा, तंबाखूची डबी, सासूबाईंचा फुटका आरसा, कार्ड. आणि तळाशी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चार पाकिटं. एकही गोळी काढलेली नव्हती.

"मामा, ह्या?"

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "त्या घेतल्या की लई गुंगी येती. मग गुरं कोण बघंल?"

डॉक्टरांनी प्रेशर मोजलं आणि पुन्हा मोजलं. "नशीब, फक्त पायावरच निभावलं," एवढंच म्हणाले. गोळी बदलून दिली.

पायाचं हाड जुळायला तीन महिने लागले. आता रात्री जेवण झालं की मी समोर उभी राहून गोळी देते. ते गिळतात, मग जीभ बाहेर काढून दाखवतात, रागानं. फोन आता खिशात असतो. ते पुन्हा माळावर जातात आणि कंपनीतल्या जेवणाच्या सुट्टीत मी रोज फोन लावते. पहिल्या रिंगला ते कधीच उचलत नाहीत. तेवढा वेळ माझा घास तोंडातच राहतो.